फिंजान हलला म्हणून

मी एक जुना फिंजान आहे. मित्रांनो, फिंजान म्हणजे कहवा, आमची अरबी कॉफी, प्यायचा बिनकानाचा चिमुकला पेला. मोठ्या माणसाच्या मुठीत मी सहज मावतो. कुठल्या भट्टीत भाजला गेलो ते आठवत नाही, पण ओमानमधल्या रुस्ताकच्या बाजारातून रय्याने नव्या संसारासाठी मला घरी आणले, ते पक्के आठवते. माझ्यासोबतचे बरेच जण फुटले. मी टिकलो, आणि त्याचा मला थोडा गर्वही आहे.

रय्याचा नवरा खलफान खजुराच्या झाडांवर चढणारा माणूस. सकाळी खाली उतरून त्याने हातपाय धुतले, की शेजारीपाजारी मजलिसीत, म्हणजे बैठकीच्या खोलीत, जमायचे. डाव्या हातातल्या किटलीने तो कहवा ओतायचा आणि उजव्या हाताने आम्हाला पाहुण्यांपुढे करायचा. थेंब सांडायचा नाही. सगळे त्याच्या हाताची तारीफ करत.

आमच्याकडे एक रीत आहे. कहवा पुरे झाला, तर पाहुणा तोंडाने सांगत नाही. तो फिंजान बोटांत धरून जरासा हलवतो आणि ओतणारा तो परत घेतो. न हलवता पुढे केला, तर पुन्हा भरतो. किती सोपी, किती सभ्य रीत! तिनेच पुढे घात केला.

आधी खलफानचा उजवा खांदा दुखू लागला. जन्मभर झाडे चढला, दुसरे काय होणार, असे सगळे म्हणाले. मग पोटऱ्या आवळू लागल्या. सकाळी पायाची बोटे आत वळून बसत आणि तो दातओठ खात भिंतीला धरून उभा राही. मग हात थरथरू लागला. किटली पुतण्याकडे, हमूदकडे गेली आणि खलफान स्वतःच्याच घरात पाहुण्यासारखा बसू लागला.

पहिला फिंजान संपवून तो मला पुढे करी. हात थरथरे, मी हलत असे. हमूद अदबीने मला काढून घेई.

"काका हल्ली एकावरच थांबतात," तो मंडळींना सांगे. "आपणच मेले हावरे."

खलफान काहीतरी पुटपुटे, पण आजाराने त्याचा आवाजही बारीक झाला होता. चेहरा ताठ, त्यावर हसू उमटत नसे. लोकांना वाटे, हा आपल्यावर रागावलाय. मला काढून घेताना त्याची बोटे मला धरून ठेवायला धडपडत, ते फक्त मला कळे. मला फार वाईट वाटे. पण पेल्याला कोण विचारतो?

हळूहळू माणसे येईनाशी झाली. एक दिवस खलफान रय्याला म्हणाला, "ठेवून दे ते सगळं." आम्ही काचेच्या कपाटात बंद झालो. मी कपाटात अडकलो होतो आणि समोर गादीवर तो स्वतःच्या अंगात. उठायचे त्याच्या मनात येई, अंग ऐकत नसे.

"कुठं दुखतंय?" रय्या विचारी.

"कुठं दुखत नाही ते विचार."

शेवटी तिने त्याला शहरातल्या दवाखान्यात नेले. डॉक्टरीणबाईंचे बोलणे ती घरी येऊन घोकत बसली. हा पार्किन्सन आहे. झाडांचा दोष नाही, हे दुखणेही या आजाराचेच. स्नायू आवळतात आणि सैल व्हायला विसरतात. गोळी वेळेवर घ्यायची. गोळीचा जोर ओसरल्यावर जास्त दुखते का, ते सांगायचे, निमूट सोसायचे नाही. रोज चालायचे, अंग ताणायचे.

मग रय्या फडक्यात गरम मीठ बांधून त्याच्या पोटऱ्या शेकू लागली. त्याला गरम पाण्याच्या झऱ्यावर नेऊ लागली. तो माझ्या कपाटाला तळवा टेकवून हात इंचाइंचाने वर सरकवी.

"बेताने हं. खजूर नाही उतरवायचेत."

"कपाट उतरवतोय," तो म्हणे.

दुखणे थोडे सैलावले. थरथर मात्र राहिली, आणि कपाट काही उघडले नाही.

ईद आली. ईदला कहवा नाही असे घर आमच्याकडे नसते. रय्याने न विचारताच आम्हाला बाहेर काढले. मंडळी बसली, खजूर आणि हलवा फिरला. खलफानने मला रिकामे केले आणि पुढे धरले. मी हललो. हमूदने सवयीने हात घातला.

या वेळी मी सुटलो नाही. बोटे आवळली होती की त्याने आवळून धरली होती, मला आजही सांगता येत नाही.

"काका, सोडा की," हमूद हसला. मग त्याचे हसू थांबले. तो खाली बसला आणि त्याने कान खलफानच्या तोंडाशी नेला.

"हात खोटं बोलतोय," खलफान म्हणाला. "मला अजून हवाय."

हमूदने मान वर केली तेव्हा त्याचे डोळे भरले होते. "इतके दिवस मी तुमच्या हातालाच विचारत होतो," तो म्हणाला आणि त्याने ओतले. खलफान प्याला. पुन्हा ओतले, तो पुन्हा प्याला.

शेवटी हमूद स्वतः प्याला आणि त्याने रीतीप्रमाणे फिंजान हलवला.

"रय्या, भर त्याचा," तशाच ताठ चेहऱ्याने खलफान म्हणाला. "हात हलतोय, म्हणजे हवाय."

सगळ्यांत आधी रय्या हसली.

मित्रांनो, मी आता कपाटात राहत नाही. मला अर्धाच भरतात, सांडू नये म्हणून. माझे एवढेच मागणे आहे, कुणाचा हात थरथरत असेल, चेहरा हसत नसेल, तर त्यावरून काही ठरवू नका. जवळ बसा आणि त्यालाच विचारा.