ठेवल्याचा आवाज

विम्याच्या ऑफिसातून पत्र आलं तेव्हा जनूला वाटलं, चला, सुटलो एकदाचे. मणक्याचं ऑपरेशन होऊन दोन वर्षं झाली होती. रोह्याच्या कंपनीत ट्रकवर ड्रम चढवताना एक ड्रम घसरला, तेव्हा बरोबरचे तिघे शहाण्यासारखे उड्या मारून बाजूला झाले. जनूने ड्रम सोडला नाही. सोडला असता तर फार तर ड्रम चेपला असता. पण हातात आलेली वस्तू खाली आदळू द्यायची नाही, ही या माणसाची जुनी खोड. ड्रम शाबूत राहिला आणि कंबर गेली. सुपरवायझर धावत आला तो आधी ड्रमकडे, हे जनू अजूनही हसत हसत सांगतो. त्याच्या बायकोला, सगुणाला, त्यात हसण्यासारखं काही दिसत नाही.

पत्र दिपिकाने वाचून दाखवलं. ही त्यांची एकुलती लेक, पेणच्या कॉलेजात शिकणारी. घरात कुठलाही सरकारी कागद आला की तो आधी तिच्या हातात जायचा. जनूला जन्मभराची पेन्शन द्यायची की नाही ते डॉक्टरांचं बोर्ड ठरवणार होतं. त्याआधी रोह्याच्या एका फिजिओथेरपी सेंटरमध्ये त्याची तपासणी व्हायची होती. तीन तास. सैल कपडे घालून या, रोजच्या गोळ्या घेऊन या, जुने एक्सरे आणा.

"तपासणीत काय करतात गो?" जनूने विचारलं.

"बसवतील, वाकवतील, चालवतील. जिना चढायला लावतील, वजन उचलायला लावतील. तुला काम किती झेपतं ते बघायचं असतं, बाबा."

"म्हंजे परीक्षाच की!"

"व्हय," सगुणा चुलीपुढून म्हणाली, "आन ह्या परीक्षेत नापास व्हायचं. पास झालात तर परत ड्रम उचला."

बोलली ती थट्टेत, पण खरंच तेवढंच होतं ते. जनूला आता आंघोळीची बादली उचलवत नव्हती. डाव्या पायाला मुंग्या आल्या की तो पाय आपला की परक्याचा ते कळत नसे. पुन्हा ड्रमला हात लावला तर अंथरूणच धराल, असं ऑपरेशन करणाऱ्या डॉक्टरने तोंडावर सांगितलं होतं.

संध्याकाळी शेजारचा निलेश आला. तो त्याच कंपनीत ऑपरेटर. फुकट सल्ला द्यायची त्याला भारी हौस.

"काका, सरळ सांगतो. दरवाजातून आत जातानाच लंगडायचं. पहिल्या वजनाला हात लावलास की आई गं करून बसायचं. तू तिथं पैलवानकी दाखवलीस तर संपलास."

"आन खोटं कशाला बोलू? दुखतं ते दुखतंच."

"दुखतं ते दिसाया पायजे ना!"

जनूला तो बोल लागला. लोकांसमोर कण्हायचं म्हणजे त्याला उघडं पडल्यासारखं वाटायचं. मी खरं तेच करीन, तो म्हणाला. सगुणाने कपाळाला हात लावला.

खरं करीन म्हणणाऱ्या या माणसाचे हात कुठे घडले होते, ते सांगायला हवं. कंपनीत लागण्याआधी सव्वीस वर्षं तो पेणच्या गणपतींच्या एका कारखान्यात होता. रंग देणारे वेगळे, डोळे आखणारे वेगळे. जनू वाहणारा. साच्यातून निघालेली मूर्ती उन्हात न्यायची, उन्हातून फळीवर, फळीवरून रंगाच्या खोलीत, तिथून टेम्पोत. नाव कुणाचं होत नाही या कामात, पण त्याचे नियम कडक. मूर्ती उघड्या जमिनीवर टेकवायची नाही. पाट हवा, फळी हवी, निदान गोणपाट तरी. पाट दिसेपर्यंत चालत राहायचं, हात गळून पडले तरी. नेताना बोलायचं नाही, कण्हायचं नाही, कारण कण्हणारा हलतो आणि तो हलला की मूर्तीचं बोट जातं. आणि ठेवताना आवाज होता कामा नये. शेठ पाठमोरे बसून सोंडेवर पॉलिश पेपर फिरवत असायचे. मागे ठेवल्याचा आवाज आला की मान न वळवता शिवी हासडायचे. सव्वीस वर्षांत जनूच्या नावाने एकही शिवी पडली नाही. शाबासकीही पडली नाही म्हणा. मग दिपिकाच्या शिक्षणासाठी बारमाही पगार हवा म्हणून तो कंपनीत गेला.

तपासणीच्या दिवशी नवराबायको कासू स्टेशनावरून सकाळच्या गाडीने रोह्याला गेली. गाडीत बसायला जागा होती, तरी जनू अर्धा वेळ उभाच राहिला. बसलं की पाय सुन्न व्हायचा. सेंटर पहिल्या मजल्यावर होतं. पाय मोडलेल्यांची तपासणी पहिल्या मजल्यावर ठेवणाऱ्याला सगुणाने जिन्यातच दोन शेलक्या शिव्या दिल्या.

तपासणारी पोरगी दिपिकाहून सात-आठ वर्षांनीच मोठी असेल. ऋतुजा तिचं नाव. तिने सगुणाला काचेच्या दरवाजाबाहेर बाकावर बसवलं आणि जनूला पाणी दिलं. इतक्या मायेने इथे कुणी बोलेल असं त्याला वाटलं नव्हतं.

"काका, दहापैकी किती दुखतंय आत्ता?"

जनूला प्रश्नच कळेना. दुखण्याला कधी मार्क देतात? "चालायचंच," तो म्हणाला. तिने पुन्हा विचारलं. "लिवा तीन," तो म्हणाला, कारण तीन म्हटलं की फार मागितल्यासारखं वाटत नव्हतं. काचेबाहेर सगुणाला काही ऐकू येत नव्हतं. ऐकू आलं असतं तर तिने तिथेच हंबरडा फोडला असता.

ऋतुजाने त्याला बसवलं, उठवलं, वाकवलं. हाताची पकड मोजायचं एक यंत्र तीनदा दाबायला लावलं. प्रत्येक वेळी काटा कुठे जातो ते लिहून घेतलं. मग तिने दोन कान असलेला एक प्लास्टिकचा खोका आणला आणि त्यात लोखंडी वजनं ठेवली. या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत फरशीवर पिवळी पट्टी चिकटवलेली होती आणि त्या टोकाला एक टेबल होतं.

"खोका उचलून पट्टीवरून चालायचं. आणि काका, नीट ऐका. दुखायला लागलं की तिथंच थांबायचं. आहात त्या जागी खोका खाली ठेवायचा. टाकलात तरी चालेल, काही फुटत नाही. इथं कुणी रागावणार नाही तुम्हाला."

"बरं," जनू म्हणाला. त्याने मान डोलावली आणि सगळं नीट ऐकलंही.

मग तो गुडघ्यांत बसला. एक हात खोक्याच्या बुडाखाली, दुसरा पाठीमागून. कानांना त्याने हातच लावला नाही. खोका छातीशी आला आणि तो उठला. चौथ्या पावलाला कमरेतून कळ निघाली ती थेट टाचेपर्यंत गेली. आता ठेवायचं, त्याच्या मनात आलं. त्याने खाली पाहिलं. खाली उघडी फरशी होती. त्यावर ना पाट होता, ना फळी, ना गोणपाट. समोर टेबल दिसत होतं. तो चालत राहिला.

"दुखतंय का काका?"

"नाय."

नेताना कुणी काही विचारलं तर नाय म्हणायचं, त्याहून जास्त श्वास खर्च करायचा नाही, अशी कारखान्यातली रीत. त्याने ती आठवून पाळली असं नाही. तोंडातून निघूनच गेलं. टेबलाशी पोचून त्याने आधी एक कड टेकवली, मग दुसरी, मग बोटं एकेक करून काढून घेतली. लोखंडाची वजनं भरलेला तो खोका, पण टेबलावर ठेवल्याचा आवाज म्हणून झाला नाही.

ऋतुजाने लिहून घेतलं आणि वजन वाढवलं. तो पुन्हा टेबलापर्यंत गेला. तिने आणखी वाढवलं. तिसऱ्या खेपेला डोळ्यांपुढे अंधारी आली, डावा पाय कुठे पडतोय ते कळेना, तरी मधे ठेवणं काही त्याला जमलं नाही. हा खोका आहे, गणपती नाही, हे त्याला पक्कं ठाऊक होतं. हातांना कोण सांगणार?

बाहेर सगुणा उभी राहिली होती. तिने हाताने खुणा केल्या, ठेवा, ठेवा. काचेवर बांगड्या आपटल्या. नेताना आजूबाजूला बघायचं नाही, हाही नियमच होता.

मग जे व्हायचं ते झालं. जिन्याच्या चाचणीत दुसऱ्या पायरीवर पाय लुळा पडला आणि जनू कठड्याला धरून खाली बसला. पकडीचं यंत्र पुन्हा दाबलं तर काटा मघाच्या निम्म्यावरही जाईना. शेवटी ऋतुजाने तो पहिलाच, सगळ्यांत हलका खोका पुन्हा उचलायला सांगितला. जनू वाकला आणि तसाच राहिला. खोका जागचा हलला नाही.

ती कागद पुढेमागे करत राहिली. "काका, मघाशी तर याच्या दुप्पट नेलंत ना?"

खरं बोलायला आलेल्या माणसाला पहिल्यांदा वाटलं की आपण चोरी करताना सापडलोय. लाजेने त्याचे कान तापले.

दरवाजा ढकलून सगुणाच आत आली. "अवो मॅडम, गणपतीच्या कारखान्यात उमर गेली ह्यांची. जमिनीवर ठेवत नाय काय. मेले तरी ठेवणार नाय. दुखतंय ह्यांना, लई दुखतंय, तुमी तसं लिवा ना!"

ऋतुजाने तिला खुर्चीत बसवलं. "मावशी, मला पटतंय तुमचं. पण मी बघितलं तेवढंच लिहू शकते. मधे थांबले असते तर तसं लिहिलं असतं. मी तीनदा विचारलं, ते नाय म्हणाले."

ती खोटं बोलत नव्हती, म्हणून तर सगुणाला तिच्यावर रागही काढता येईना.

परतीच्या गाडीत जनू बाकड्यावर आडवा पडून होता. नंतरचे तीन दिवस त्याला संडासापर्यंत निलेशने आणि सगुणाने धरून नेलं. कूस बदलायची तर दात आवळून. तपासणी तीन तासांची होती. हे तीन दिवस तपासायला कुणी आलं नाही.

महिन्याभराने कागद आला. दिपिका उंबऱ्यावर बसून वाचत होती.

"भार उचलण्याची पद्धत अत्यंत सुरक्षित. भार वाहताना शरीराचं संतुलन उत्तम. वेदनेचं लक्षण दिसलं नाही. भार ठेवताना पूर्ण नियंत्रण." ती थांबली. "नंतरच्या चाचण्यांत कामगिरी अचानक घसरली. प्रयत्नांत सातत्य नाही."

"म्हंजे?"

"म्हणजे... नंतर तू मुद्दाम केलंस, असं."

खाली बोर्डाचा निर्णय होता. पूर्वीच्या कामावर रुजू होण्यास सक्षम. पेन्शन नाही. सोबत कंपनीचं पत्र, सोमवारपासून पहिली शिफ्ट, न आल्यास नोकरी संपली असं समजण्यात येईल.

"वरचं परत वाच गो," जनू म्हणाला.

"कुठलं?"

"ठेवतानाचं."

दिपिकाने पुन्हा वाचलं. शेठच्या तोंडून जे सव्वीस वर्षांत निघालं नाही ते कुणीतरी शिक्का मारून लिहून दिलं होतं. जनू हसला आणि हसता हसता त्याचा चेहरा असा काही वेडावाकडा झाला की दिपिकाने कागद घडी करून टाकला.

निलेश म्हणाला, अपील करू. मग स्वतःच म्हणाला, अपिलाला महिने जातील, आणि तिथे आता काका खराखुरा ओरडला तरी नाटक म्हणून आधीच लिहून ठेवलंय. या वेळी त्याच्याकडे सल्ला नव्हता. तो चहा न घेताच गेला.

सोमवारी सकाळी सगुणाने जनूला आतल्या ओट्यावर बसवलं आणि त्याच्या पायांशी बसून कंपनीचे जाड बूट चढवले. दोन वर्षं बूट माळ्यावर पडून होते, चामडं ताठ झालं होतं. डावा पाय तिलाच उचलून आत घालावा लागला. नाडी बांधताना तिने मान वर केली नाही.

"ऐका. ड्रम घसरला तर सोडायचा."

"बरं."

"बरं नाय. सोडायचा. फुटूदे, सांडूदे, कंपनी जळूदे. हात काढून बाजूला व्हायचं. माज्या गळ्याची शप्पथ हाय तुमाला."

"सोडीन गो. सोडीन म्हटलं ना."

तो भिंतीला धरून उठला. तिने त्याच्या हातात डबा दिला, चार पुडांचा, स्टीलचा. शर्टाचं वरचं बटण राहिलं होतं. ते लावायला त्याला हात मोकळा हवा होता. सगुणा पाठमोरी वळून दाराची कडी काढत होती. मागे डबा ओट्यावर ठेवला जाईल, खण्ण वाजेल, म्हणून तिचे कान तिकडेच होते.

काहीच वाजलं नाही. तिने वळून पाहिलं. डबा ओट्यावर होता, त्याखाली घडी घातलेलं फडकं होतं, आणि जनू दोन्ही हातांनी बटण लावत होता.

सगुणा कडीला धरून तिथेच खाली बसली आणि रडायला लागली.