नाव सांगायला लागलेला वेळ

अणदुरात पिंजाऱ्यांची तीन घरं होती. मधल्या घरात सकिनाबी आणि तिचा भाऊ खाजामियाँ राहत. आईबाप प्लेगात एकाच आठवड्यात गेले, तेव्हा खाजा चार वर्षांचा होता आणि सकिना अकराची. पुढं तिचं लग्न झालं, नवरा वारला, ती याच घरात परत आली. पण खाजाची आई ती अकराव्या वर्षीच झाली होती.

खाजाची जीभ अडायची. पहिल्याच अक्षरावर शब्द रुतून बसायचा. मानेच्या शिरा फुगायच्या, डोळे मिटायचे, हनुवटी थरथरायची. गावातली पोरं त्याला ‘खख्या’ म्हणायची. म्हणून सकिना त्याच्या आधी बोलायची. बाजारात, चावडीवर, कुणीही नाव विचारलं की त्यानं तोंड उघडायच्या आत तिचं उत्तर तयार असायचं. तिला वाटे, आपण त्याची लाज झाकतो.

धंद्यात मात्र त्याला बोलावं लागत नसे. खांद्यावरच्या, कापूस पिंजायच्या लांबलचक कमानीची तात छेडली की गल्लीभर आवाज घुमायचा आणि बायका जुन्या गाद्या बाहेर काढायच्या. सकिना सगळ्यांना सांगे, “नळदुर्गापर्यंत फिरून या. माझ्या भावासारखा कापूस कुणी पिंजत न्हाय.”

अठ्ठेचाळीसच्या माघात सोलापूरच्या हद्दीतल्या एका गावाहून त्याला स्थळ सांगून आलं. अणदूर निजामाच्या मुलखात, म्हणून मधे निजाम सरकारचा नाका होता. निजामाविरुद्ध लढणारी हद्दीपलीकडची माणसं नाक्यांवर हल्ले करीत होती, शिपाई बिथरलेले होते. पण दिवसाउजेडी जाऊन यायचं म्हणून दोघं निघाली. वाटेत काम मिळालं तर असावी म्हणून खाजानं कमान खांद्यावर घेतली. उंबऱ्यात खाजा थांबला.

“आपा, आज माझं नाव तू सां... सांगायचं न्हाय.”

“आन् अडलास तर?”

“अ... अडू दे. तिला जन्म काढायचाय माझ्यासंगं. अडतानाच बघू दे मला.”

“बरं बाबा.”

“कसम घे.”

तिला हसू आलं. तिनं त्याच्या डोक्यावर हात ठेवला. “तुझी कसम. न्हाय बोलत.”

मुलीचे वडील दादामियाँ शांत माणूस होते. त्यांनी विचारलं, “नाव काय, बेटा?”

खाजाचे डोळे मिटले. ख वर सगळं थांबलं. पितळीतला चहा निवत चालला. दादामियाँनी एकदा सकिनाकडं पाहिलं. तिनं पदर दातांत धरला आणि जमिनीकडं बघत राहिली. तिच्या जिभेवर ते नाव नुसतं जळत होतं. मग खाजाची हनुवटी वर आली आणि नाव अख्खं बाहेर पडलं.

“खाजामियाँ. खाजामियाँ पिंजारी.”

“सावकाश बोल,” दादामियाँ म्हणाले. “मला कुठं जायचंय?”

सकिनाच्या डोळ्यांत पाणी आलं. असा अभिमान तिला त्याच्या पिंजलेल्या कापसाचाही कधी वाटला नव्हता. दादामियाँनी मुलीच्या, नूरुन्निसाच्या, रजईचा कापूस त्याच्याकडूनच पिंजून घेतला. लग्न ठरलं. या सगळ्यात निघायला उशीर झाला.

परतीच्या वाटेवर खाजा बोलतच सुटला. अडत, थांबत, पुन्हा सुरू करत. नूरुन्निसाची चाहूल पडद्यामागं कशी लागली, घराला अजून एक खोली कशी काढायची. सकिनानं एकही शब्द पुरवला नाही. भावाला एवढं बोलायचं असतं, हे तिला तोवर ठाऊकच नव्हतं.

नाक्याजवळ आली तेव्हा दिवस बुडाला होता. खाजा चार पावलं पुढं होता, खांद्यावर ती लांब कमान. संधिप्रकाशात दुरून ती काय दिसली असेल, कोण जाणे.

“कौन है? ठहरो!”

खाजा थांबला.

“नाम बोलो!”

त्याचे डोळे मिटले असणार. ते तिला मागूनही कळलं. मानेच्या शिरा ताठल्या. तिनं तोंड उघडलं होतं. एक शब्द टाकला असता तर पुरे होता, नुसता बाईचा आवाज ऐकून शिपायानं बंदूक खाली केली असती. पण तिला सकाळची कसम आठवली, दुपारचं नाव आठवलं. आत्ता येईल, तिला वाटलं. हनुवटी वर यायलाच लागलीय.

“बोलो!”

मग बार झाला.

शिपाई धावत आला. विशीतलं पोर होतं. कमान बघून तो मटकन खाली बसला आणि रडत ओरडू लागला, “बोला क्यों नहीं? बोला क्यों नहीं?”

दुसऱ्या दिवशी पंचनाम्याला आलेल्या अंमलदारानं विचारलं, “मय्यत का नाम?” सकिना भावाच्या तोंडाकडं बघत बसली. दोनदा विचारलं, तिनं ओठ हलवले नाहीत. शेवटी मय्यत न्यायला आलेल्या अणदूरच्या शिवप्पा गाडीवानानं नाव सांगितलं. लोक म्हणाले, बाई भ्रमिष्ट झाली.

भादव्यात निजामाचं राज्य गेलं, नाका उठला. दिवाळीनंतर दादामियाँ मुलीला घेऊन अणदुरात आले. नूरुन्निसाचं लग्न मुरुमला ठरलं होतं, त्यांना सकिनाची परवानगी हवी होती.

“माझी कसली परवानगी?” सकिना म्हणाली. “सुखानं नांदू दे.”

वडील बाहेर गेले तशी नूरुन्निसा जवळ सरकली. “आपा, त्या दिवशी नाक्यावर... लई वेळ लागला का त्यांना?”

“तुमच्या घरी लागला त्याच्या निम्माबी न्हाय.”

“मी पडद्याआड सारखं पुटपुटत हुते त्यांचं नाव. मोठ्यानं म्हणावं वाटत हुतं. पन वाटलं, त्यांचं त्यांनाच म्हणू द्यावं.”

सकिनानं तिच्याकडं नीट पाहिलं. त्या दिवशी त्या घरात तसं वाटणारी सकिना एकटीच नव्हती. तिनं पोरीचा हात धरला आणि पुष्कळ वेळ सोडला नाही. पण त्यानं बरं वाटलं, असं तिला म्हणता आलं नसतं.

पाहुणे गेले. सकिना चुलीपाशी बसली. रोज दिवस बुडाल्यावर ऐकू यायचं तसं ते आजही आलंच. दाराबाहेर कुणीतरी श्वास ओढून घेतला. मग तो आवाज, घशात अडकलेला, ख वर थांबलेला.

तिचे ओठ उघडले. सांगावं का? सांगितलं तर कसम मोडते, गप्प राहावं तर तो तिथंच अडून राहतो. भाकरी तव्यावर करपू लागली. सकिना दाराकडं तोंड करून, ओठ मिटून, वाट बघत राहिली.