चिठ्ठी नसलेल्या बाटल्या

फोन वाजला तेव्हा सव्वानऊ झाले होते आणि मुकादमांच्या शेगडीवर घेवडा शिजत होता. फोन बाहेरच्या खोलीत होता. पलीकडून मुलगी बोलत होती.

"बाबा, मी एक वाजता नाही, अकरालाच येते. लेकीला तिच्या मैत्रिणीकडे सोडायचंय, तिथून तशीच येते."

"ये की. केव्हाही ये. घर तुझंच आहे."

"एवढं गोड बोलताय म्हणजे काहीतरी लपवताय."

"लपवायला आहे काय माझ्याकडे? दोन खोल्या आणि एक स्वयंपाकघर."

ती हसली. मग म्हणाली, लेकीचा लोकरी स्वेटर मशीनमध्ये टाकला तर तो बाहुलीच्या मापाचा झाला. आता लोकरीचा विषय निघाल्यावर मुकादम थोडेच गप्प बसणार? पाणी कोमटसुद्धा नको, गारच हवं; पिळायचा नाही, टॉवेलात गुंडाळून दाबायचा; दोरीवर टांगायचा नाही, आडवा पसरायचा. आकसलेला स्वेटर थोडा तरी सैल कसा करायचा तेही त्यांनी सांगितलं. पाचेक मिनिटं बोलायचं म्हणत म्हणत अर्धा तास गेला. फोन ठेवून ते वळले तेव्हा स्वयंपाकघराच्या दारात निळसर धूर दिसला.

दिसला. त्याआधी काहीच कळलं नव्हतं.

पातेल्याच्या तळाशी घेवड्याचा कोळसा झाला होता. मुकादमांनी गॅस बंद केला, खिडकी उघडली आणि घड्याळाकडे पाहिलं. अकराला सव्वा तास होता.

मुकादम हे त्यांचं नाव नव्हे, हुद्दा. एका मोठ्या हॉटेलच्या धुलाईघरात त्यांनी चौतीस वर्षं काढली. त्यांतली शेवटची एकोणीस मुकादम म्हणून. निवृत्त झाले तरी हुद्दा चिकटून राहिला. धुलाईघरात त्यांचं नाक प्रसिद्ध होतं. डागाळलेला टेबलक्लॉथ आला की कुणी पाण्याला हात लावायचा नाही, आधी तो मुकादमांकडे न्यायचा. ते कापड हातात घ्यायचे, हुंगायचे आणि सांगायचे, "अंडं आहे. गार पाणी. गरम घातलंत तर तिथेच शिजेल." किंवा, "वरून चहा दिसतो, पण खाली तूप आहे. आधी तूप काढा." नव्या माणसांना ते एकच गोष्ट शिकवायचे: डागाला आधी विचारायचं, बाबा तू कोण, आणि मग त्याला भिजवायचं.

त्यांच्या फळीवरच्या बाटल्यांवर कधीही चिठ्ठ्या नसायच्या. व्हिनेगर, स्पिरिट, अमोनिया, टर्पेंटाइन, सगळं एकसारख्या काचेच्या बाटल्यांत. कुणी विचारलं तर म्हणायचे, "चिठ्ठी नाक नसलेल्यांना लागते." हे वाक्य त्यांनी चौतीस वर्षांत किती वेळा ऐकवलं असेल याला गणती नाही. घरीही तीच पद्धत. स्वयंपाकघराच्या फळीवर तशाच चार बाटल्या. मुलगी लहान असताना डोळे मिटून बूच उघडायची आणि नाव ओळखायची. बरोबर आलं तर तिच्या बापाला आकाश ठेंगणं व्हायचं.

मागच्या थंडीत त्यांना आठ दिवस ताप आला. ताप गेला, खोकला गेला, अशक्तपणाही गेला. नाक मात्र परत आलं नाही. पहिले काही दिवस त्यांना वाटलं, सर्दी आहे. मग एका सकाळी त्यांनी अमोनियाच्या बाटलीवर नाक ठेवून खोल श्वास घेतला. डोळ्यांतून पाणी आलं, घसा जळला, पण वास नव्हता. त्यांनी बूच लावलं आणि ही गोष्ट कुणालाही सांगितली नाही.

सांगण्यासारखी परिस्थितीही नव्हती. सात महिन्यांपूर्वी दूध जळलं होतं. शेजारच्या शिवणकाम करणाऱ्या ताईंनी दार बडवून त्यांना उठवलं, म्हणजे ताईंना वाटलं उठवलं. मुलगी धावत आली. मुकादम म्हणाले, डोळा लागला. ती बराच वेळ काळ्या पातेल्याकडे बघत राहिली आणि म्हणाली, "एकदा झालं, चला, मान्य. पुन्हा असं झालं ना बाबा, तर मग वाद घालायचा नाही. माझ्याकडे राहायला यायचं. कबूल?" ते कबूल म्हणाले. त्यांचा डोळा लागलेला नव्हता. ते दाराशेजारी, शेगडीपासून दहा पावलांवर, पेपर वाचत बसले होते.

मुलीचं घर चांगलं होतं. जावई सज्जन. पण तापानंतर तिथे आठ दिवस काढले तेव्हा मुकादमांना कळून चुकलं होतं की त्या घरात त्यांच्यासाठी एकच काम आहे. कप विसळायला उठले, की "बाबा, तुम्ही बसा." कपडे वाळत घालायला गेले, की "बाबा, तुम्ही बसा हो." सगळे प्रेमानेच म्हणायचे. आठव्या दिवशी त्यांना वाटलं, आणखी महिनाभर बसलो तर उठायचं कसं ते विसरून जाईन. इथे निदान शेजारपाजारचे लोक शाईचे, गंजाचे, तेलाचे डाग घेऊन दार वाजवायचे. इथे ते अजून मुकादम होते.

म्हणून त्यांनी नाकावाचून घर चालवायची रीत बसवली. भात कानाने शिजवायचा: बुडबुड थांबून बारीक तडतड सुरू झाली की गॅस बंद. दूध घड्याळाने. पातेल्यावर आडवा लाकडी डाव, म्हणजे उतू जायला वेळ लागतो. कपडे बोटांनी: शिवण दाबून गार लागली तर अजून ओल आहे, घडी घालायची नाही, नाहीतर कुबट होणार. टॉवेल शेवटच्या पाण्यात थोडं व्हिनेगर घालून खंगाळायचे. दोन्हीकडच्या खिडक्या रोज अर्धा तास उघड्या. आणि बाटल्यांसाठी खाण्याचा सोडा. बशीत चिमूटभर सोडा, त्यावर बाटलीतला एक थेंब. फसफसलं तर व्हिनेगर.

चिठ्ठ्या लावल्या असत्या तर पाच मिनिटांचं काम होतं. पण फळीवर चिठ्ठी दिसली असती, त्याच क्षणी मुलीला सगळं कळलं असतं.

रविवारची आणखी एक रीत होती. मुलगी यायच्या तासभर आधी ते शेजारच्या ताईंना काहीतरी निमित्त काढून बोलवायचे आणि त्यांच्या तोंडाकडे बघायचे. ताई परखड बाई. मागे एकदा उंबऱ्यातच थबकून म्हणाल्या होत्या, "भाऊ, मोरीत उंदीर मेलाय की तुमच्या मोज्यांनी संन्यास घेतलाय?" त्या दिवशी कपाटामागे पडलेलं ओलं फडकं सापडलं. ताईंचं नाक मुकादमांनी असं गुपचूप उसनं घेतलं होतं. पण या रविवारी ताई बहिणीकडे गेल्या होत्या. दाराला कुलूप होतं.

मुकादम कामाला लागले. हातमोजे चढवले. कोळसा खरवडला. पातेल्यात पाणी आणि सोडा घालून उकळलं, ओतलं, पुन्हा सोड्याचा जाडसर लेप दिला, घासलं, पुन्हा उकळलं. जळकं भांडं असंच निघतं, घाई केली तर चरे पडतात. चौथ्या खेपेला तळ चमकला आणि सोड्याचा डबा रिकामा झाला. डब्याच्या कडा त्यांनी चमच्याने खरवडल्या. तेवढंही त्याच पातेल्यात गेलं.

साडेदहा. धूर दिसत नव्हता. पण धूर दिसेनासा झाला म्हणून वास जात नाही; तो पडद्यात बसतो, उशीत बसतो, केसात बसतो. चौतीस वर्षं त्यांनी हेच लोकांना सांगितलं होतं. जळका वास ओढून घ्यायला वाट्यांत व्हिनेगर ठेवायचं, म्हणजे पाच वाट्या तरी हव्यात. फळीवरच्या चार बाटल्यांपुढे ते उभे राहिले. व्हिनेगर डावीकडून दुसरं. नेहमीच. पण मंगळवारी खालच्या मजल्यावरची मुलगी दप्तराला लागलेला रंग घेऊन आली होती, तेव्हा टर्पेंटाइन काढलं होतं, आणि बोलता बोलता ते परत ठेवलं कुठे?

बशी काढली. सोडा नव्हता. बाटली हलवून पाहिली, पाण्यासारखंच हललं. मोजा काढून बोटावर थेंब घेतला असता तर बोटानेच सांगितलं असतं. टर्पेंटाइन बुळबुळीत लागतं, हे त्यांच्याइतकं कुणाला माहीत? पण मोजे ओले होऊन हाताला चिकटले होते, भाताचं आधण उकळत होतं आणि घड्याळात पावणेअकरा झाले होते. डावीकडची दुसरी बाटली त्यांनी उचलली आणि पाच वाट्या भरल्या. दोन बाहेरच्या खोलीत, एक कपाटाजवळ, एक मोरीत. पाचवी शेगडीच्या कट्ट्यावर, आचेपासून हातभर अंतरावर, कारण जळका वास तिथेच जास्त असणार.

मुलगी पाच मिनिटं आधीच आली. दार उघडून मुकादम तिच्या तोंडाकडे बघत राहिले, ताईंच्या तोंडाकडे बघायचे तसेच. तिच्या कपाळावर आठी पडली.

"बाबा, रंगकाम काढलंय का घरात?"

"रंगकाम? छे."

"मग हा वास कसला?"

मुकादमांनी घाईत विचार केला. "व्हिनेगर. हवा जरा कोंदट झाली होती. वाट्या ठेवल्यात. जातो वास अर्ध्या तासात."

ती चप्पल न काढताच आत आली. तिपाईवरच्या वाटीपाशी वाकली आणि लगेच मागे झाली. सरळ स्वयंपाकघरात गेली. तिथे आचेवर भात होता आणि शेजारी वाटी. तिने आधी गॅस बंद केला, मग सिलिंडरचा खटका बंद केला. दोन्ही हातांनी ती वाटी उचलली, गॅलरीत नेली आणि लांबच्या कोपऱ्यात जमिनीवर ठेवली. उरलेल्या चार वाट्याही तशाच एकेक करून नेल्या. पाच फेऱ्या झाल्या. मुकादम भिंतीला टेकून मोजत होते.

ती परत येऊन त्यांच्यासमोर उभी राहिली.

"टर्पेंटाइन आहे ते."

मुकादमांनी फळीवरच्या बाटल्यांकडे पाहिलं.

"बाबा, चुलीशेजारी टर्पेंटाइन. एक ठिणगी उडाली असती तर?" तिचा आवाज चढला आणि मग एकदम खाली आला. "कधीपासून?"

"काय कधीपासून?"

"बाबा."

"तापापासून," मुकादम म्हणाले.

ती स्टुलावर बसली. "म्हणजे दूध जळलं तेव्हा..."

"जागा होतो."

"आणि मागच्या महिन्यात? लेकीचा शर्ट हुंगून म्हणालात, आज डब्यात सफरचंद होतं आणि शाळेत चित्रकलेचा तास होता. ती किती नाचली! सगळ्या वर्गाला सांगून आली, माझे आजोबा वासावरून सगळं ओळखतात."

"खिशात सफरचंदाची बी होती. बाहीला निळा रंग."

तिला हसू आलं, ते अर्ध्यातच थांबलं. "मला का नाही सांगितलंत?"

या प्रश्नाला मुकादमांकडे उत्तर होतं, पण ते मोठ्याने सांगण्यासारखं नव्हतं. ते म्हणाले, "सोडा संपला होता. सोडा असता तर चूक झाली नसती."

हे खरं होतं. आणि ऐकून तिने ज्या नजरेने त्यांच्याकडे पाहिलं, त्यावरून त्यांना समजलं की या खरेपणाचा आता काही उपयोग नाही.

"सोडा कसा संपला?" तिने विचारलं. ती त्यांचीच मुलगी होती. डागाला आधी नाव विचारायची. उत्तराची वाट न बघता तिने उपडं घातलेलं पातेलं सरळ केलं, त्यात नाक घातलं, मग खिडकीच्या पडद्याचं टोक नाकाशी धरलं. "घेवडा," ती म्हणाली. "आजच. मी फोनवर होते तेव्हा?"

"तुझा काही दोष नाही. लोकरीचं मीच लांबवलं."

तिने पडदा सोडून दिला. शेवटी मुकादमच म्हणाले, "वाद घालायचा नाही, असं ठरलंय आपलं."

"हो."

"मग नाही घालत."

तिने डोळे पुसले, पदर खोचला आणि फळीवरच्या बाटल्या खाली घेतल्या. एकेक बूच उघडून लांबूनच हुंगायला लागली. "स्पिरिट." बाटली बाजूला. "हा अमोनिया, बापरे. हे व्हिनेगर." डावीकडची चौथी. वाट्यांतलं टर्पेंटाइन तिने गॅलरीत जाऊन बाटलीत परत ओतलं. मग पिशवीतून चिकटपट्टी आणि पेन काढलं. एकही नाव ती चुकली नव्हती. लहानपणी अशा वेळी ते टाळी वाजवायचे.

"आज सामान नको काढायला," ती म्हणाली. "पुढच्या रविवारी हे गाडी घेऊन येतील. तोवर गॅसला हात लावायचा नाही. जेवणाचा डबा मी पाठवीन. आणि या चिठ्ठ्या लावून ठेवते."

"पेनाने नको लिहूस," मुकादम म्हणाले. "स्पिरिट सांडलं की शाई पसरते. पेन्सिलने लिही."

तिने मान डोलावली. पेन्सिल फोनशेजारच्या वहीत होती. ती आणायला मुकादम निघाले.

"बाबा, तुम्ही बसा," ती म्हणाली. "मी घेते."

ते बसले. ती गेली, पेन्सिल घेऊन आली आणि चार चिठ्ठ्या लिहिल्या. नावं मोठ्या अक्षरांत होती, लहान मुलांना वाचता यावीत अशी. मग तिने दोन्हीकडच्या खिडक्या सताड उघडल्या आणि कंबरेवर हात ठेवून उभी राहिली.

"चला, हवा मोकळी झाली जरा. नाही?"

मुकादमांनी पडद्याकडे पाहिलं. पडदा आत फुगत होता, पुन्हा गजांना जाऊन चिकटत होता.

"हो," ते म्हणाले. "झाली."