आतली यादी

बोर्डावरचा नंबर बदलायला पुन्हा नऊ सेकंद लागले. वहिनीनं पेनाचं टोपण दातांत धरलं आणि प्रोग्राम पहिल्या ओळीपासून वाचायला घेतला. दवाखान्यात आता कुणाचा नंबर, ते दाखवणारा हा बोर्ड. नऊ सेकंदांत म्हातारी माणसं दोनदा उठून दोनदा बसतात. आणि आज तीन वाजता दवाखान्याची मंडळी तो बघायला येणार होती.

ऑफिसात ती कुणाची वहिनी आहे, हे कुणाला ठाऊक नव्हतं. टीमच्या मॅडम म्हणजे तिची धाकटी नणंद, घरची चिमी. मुलांपायी आठ वर्षं घरी काढल्यावर वहिनीला ही नोकरी मिळाली ती तीन महिन्यांच्या बोलीवर, आणि ती मुदत आज, गुरुवारी, संपत होती. 'नणंदेनं चिकटवली' असं कुणी म्हणायला नको, म्हणून तिनं पहिल्याच दिवशी बजावलं होतं, की घरचं नातं घराच्या उंबऱ्याच्या आत. चिमीनं ते इतकं मनावर घेतलं, की लिफ्टमध्ये दोघीच असल्या तरी ती वहिनीला "नमस्कार" म्हणायची.

दीड वाजता चूक सापडली. तो भाग खुद्द मॅडमनी लिहिलेला होता.

ती लॅपटॉप घेऊन त्यांच्या टेबलाशी गेली. शेजारी टेस्टरबाई डबा खात होत्या. प्रत्येकाचं काम तपासणाऱ्या या बाईंच्या नजरेतून मुंगी सुटत नसे.

"मॅडम, बाहेरच्या फंक्शननं डॉक्टरांची यादी एकदा आणलेली आहे. पण आतल्या फंक्शनमध्येही 'यादी' याच नावानं एक ओळ आहे."

"मग?"

"मग आतल्याला आपलीच यादी दिसते, बाहेरची झाकली जाते. आणि आतली दर पेशंटमागे सर्व्हरवरून नव्यानं येते. तीनशे पेशंट, तीनशे खेपा."

मॅडमनी ओळ वाचली. त्यांचे कान लाल झाले. घरी असत्या तर वहिनीला उशी फेकून मारली असती.

"म्हणजे घरात माठ भरलेला, आणि मी घोटाघोटाला नळावर जातेय."

"ती ओळ काढली की झालं. आतल्याला बाहेरचं आपोआप दिसतं."

"काढा."

ओळ गेली. पापणी लवायच्या आत नंबर बदलला.

तीन वाजता दवाखान्याच्या मोठ्या डॉक्टरीणबाईंनी बटण सात वेळा दाबून पाहिलं.

"छान पळतोय की. कुणी केलं?"

"वहिनीनं," मॅडम म्हणाल्या आणि त्यांनी जीभ चावली.

टेस्टरबाईंनी चष्मा कपाळावर चढवला.

"वहिनी? अहो, आम्हाला वाटायचं तुमचं दोघींचं पटत नाही."

सगळे खो खो हसले. वहिनी तेवढी हसली नाही. तीन महिने जपलेलं एका शब्दात पाण्यात गेलं होतं.

पाहुणे गेल्यावर मॅडमनी ड्रॉवरमधून एक पाकीट काढून तिच्यापुढे सरकवलं. नोकरी कायम झाल्याचं पत्र.

"आता सगळे तेच म्हणणार, चिमे," वहिनी हळूच म्हणाली.

"आधी वाच तरी."

पत्रावर तारीख सोमवारची होती. शिफारशीखाली चिमीची सही नव्हतीच. तिथे बारीक, टोकदार अक्षरात टेस्टरबाईंची सही होती.

वहिनीनं मान वर केली. टेस्टरबाई अजून आ वासून दोघींकडे आळीपाळीनं बघत होत्या, आणि आता मात्र वहिनीला हसू आवरेना.