जनाबियाच्या थडग्यातली हिरवी काच

मी काच बोलतेय. हिरवट, बोटाच्या दोन पेरांएवढी, चंद्रकोरीसारखी वळलेली. एका बाजूनं गुळगुळीत, दुसऱ्या बाजूनं धार. ऐकायला बसा, पण मला उचलायला जाऊ नका.

एके काळी मी अख्खी होते, अत्तराची कुपी. दूर पश्चिमेला, रोमनांच्या मुलखात, समुद्रकाठच्या भट्टीत माझा जन्म झाला. लोखंडी नळीच्या टोकाला धगधगता गोळा, आणि दुसऱ्या टोकाला फुंकणारा गुलाम. कुपी वाकडी झाली की मुकादम त्याच तापल्या नळीनं त्याच्या पाठीत हाणायचा. माझ्या आधीची कुपी वाकडी झाली होती. त्यामुळे माझ्यात भरलेला पहिला श्वास हुंदका आवरत घेतलेला होता.

उंटावरून, मग गलबतातून मी या बेटावर आले. आज याला बहरीन म्हणतात, तेव्हा तायलोस म्हणत. मोत्यांच्या एका व्यापाऱ्यानं मला बायकोसाठी घेतलं. तिच्यावर त्याचा फार जीव, असं सगळी गल्ली म्हणायची. मोती हलके निघाले की तो घरी येऊन तिला मारायचा, तेही गल्लीला माहीत होतं. एका दुपारी त्यानं कांस्याचा दिवा उचलून तिच्या कपाळात घातला. ती उठली नाही. मग तो ऊर बडवून रडला, आज ज्या गावाला जनाबिया म्हणतात तिथे दगडी थडगं बांधलं, आणि दिवा घालणाऱ्या त्याच हातानं मला तिच्या उशाशी ठेवलं.

शेकडो वर्षं आम्ही दोघी अंधारात होतो. तिची हाडं झाली, माझं अत्तर उडून गेलं. पुढे दोन चोर आले. एकाला सोन्याची कुडी सापडली, दुसऱ्यानं त्याच्या डोक्यात कुदळ घातली. तो माझ्यावरच कोसळला आणि माझे तुकडे तुकडे झाले. नळ्या, दिवे, कुदळी... माणसानं केलेली कुठलीही वस्तू माणसाला मारायला चालते, हे मी तेव्हाच शिकले.

अलीकडच्या काळात अभ्यासक आले. मऊ कुंचल्यांनी वाळू झाडून त्यांनी माझे बाकीचे तुकडे नेले. मी तेवढी, मानेची कड, चाळून टाकलेल्या मातीत राहून गेले.

आणि मग ऑक्टोबरातल्या एका शुक्रवारी सकाळी वाळूवर पावलं वाजली. आतिका आली होती. ही इथलीच, बहरीनची. लोकांना जुन्या जागा पायी हिंडून दाखवणं हे तिचं काम, आणि हिंदी मोडकीतोडकी पण न अडता बोलणारी. मागे आठ-दहा मराठी बायका, डोक्यावर टोप्या, हातात पाण्याच्या बाटल्या.

"यल्ला, सब इधर आओ," आतिका म्हणाली. "रोमन लोग इधर राज करने नहीं आया. लेकिन उनका काच आया, अत्तर आया. इधर का मोती उधर गया."

"म्हणजे तेव्हापासून इंपोर्ट-एक्स्पोर्टच चाललंय इथे!" सावनी म्हणाली. ही पुण्याची, बँकेत नोकरीला. मग मागे वळून ओरडली, "अगं रंजिता, चप्पल घाल गं! पाय भाजतील. देवी काय हजेरी घेतेय का?"

"नवरात्र आहे ना," रंजिता हसून म्हणाली. "नऊ दिवस अनवाणी. बोललेय मी."

रंजिता चिपळूणची. इथल्या मुहर्रक शहरात सावनीच्याच इमारतीत वरच्या मजल्यावर राहायची, घर सांभाळायची, आणि वर्षभर कसलं ना कसलं व्रत चालूच. या खेपेला देवीकडे काय मागितलंय, ते तिनं कुणालाच सांगितलं नव्हतं. मला मात्र चालता चालता पुटपुटलेलं ऐकू आलं. "आई, त्यांचा हात आवर."

दुसऱ्याच क्षणी तिचा पाय माझ्यावर पडला. टाचेत मी खोलवर गेले. ती खाली बसली, दात ओठांवर रोवून मला उपसून काढलं, आणि मला पाहून तिचा चेहरा पडला.

"अगं बाई, बांगडी वाढली वाटतं माझी."

हिरवी आणि गोल वळलेली. चूक व्हावी अशीच मी. तिच्या हातात हिरवा चुडा होता, पण उजव्या हातात बांगड्या कमी दिसत होत्या. त्या सकाळीच, न विचारता कुठे निघालीस म्हणून, नवऱ्यानं मनगट पिरगाळलं होतं. किती उरल्या हे तिलाही माहीत नव्हतं. सवाष्णीच्या चुड्याचा तुकडा लोकांच्या पायदळी राहू नये, म्हणून तिनं मला रुमालात बांधलं.

आतिकानं धावत येऊन टाचेला पट्टी बांधली. बांधताना तिची नजर रंजिताच्या मनगटावरच्या काळ्यानिळ्या वळांवर अडकली. सावनीचीही. बाकीच्यांचीही. सगळ्याजणी नजर काढून घेऊन एकदम त्या दगडी थडग्याकडे पाहू लागल्या.

दुपारी घरी येऊन रंजितानं मला देव्हाऱ्यात, घटाशेजारी ठेवलं. घटाभोवतीच्या मातीत गहू कोंब धरत होता, अखंड दिवा तेवत होता. दसऱ्यानंतर मला समुद्रात सोडायचं, असं तिनं ठरवलं होतं. तिच्या टाचेच्या रक्ताचे ठसे फरशीवर दारापासून देव्हाऱ्यापर्यंत उमटले होते.

तिचा नवरा ऋत्विक आला तो ते ठसे बघतच आला. हिद्दच्या कारखान्यात मोठ्या हुद्द्यावरचा इंजिनिअर, बोलायला गोड, मराठी मंडळाच्या कार्यक्रमात सूत्रसंचालन करणारा.

"जाऊ नको म्हटलं होतं ना?" त्यानं अगदी हळू आवाजात विचारलं.

"बायकाच होत्या हो सगळ्या."

पहिल्या थपडेला तिचा कानातला डूल उडाला. मग त्यानं केस धरून तिचं डोकं ओट्यावर आपटलं, एकदा, दोनदा. भुवई फुटली. ती देव्हाऱ्याकडे सरपटली, तर त्यानं घटालाच लाथ घातली. मडकं फुटलं, कोवळे कोंब फरशीवर पसरले, दिवा विझला. त्यांची सात वर्षांची मुलगी स्पृहा दारात उभी होती. "आई, यू आर ब्लीडिंग," एवढंच म्हणत होती, पुन्हा पुन्हा.

त्यानं रंजिताचा गळा दोन्ही हातांनी धरला. तिच्या पायांची फरशीवर तडफड चालली होती. हात चाचपडत मातीत गेला आणि मी तिच्या मुठीत आले.

खरं सांगते, मला त्याचा गळा दिसत होता. निळी शीर उडत होती. तिलाही दिसत होती. पण तिनं मला त्याच्या मनगटावर ओढलं, कोपरापर्यंत. तो किंचाळला, पकड सुटली. स्पृहाला कडेवर घेऊन, मला मुठीत तसंच धरून, रंजिता जिना उतरली आणि सावनीचं दार बडवू लागली.

मागोमाग तोही आला, हाताला टॉवेल गुंडाळून. "हिनं मला कापलं! पोलिसांना बोलवा!"

"बोलवतेच," सावनी म्हणाली आणि मध्ये उभी राहिली.

पोलीस चौकीत मला टेबलावर ठेवलं. अरबी बोलायला हवं म्हणून सावनीनं आतिकाला फोन करून बोलावून घेतलं होतं. टेबलापलीकडे मसूदा नावाची अधिकारी. तिनं ऋत्विकचं सगळं ऐकून घेतलं. मग ती रंजिताच्या गळ्याकडे बघू लागली. बोटांचे ठसे तिथे उमटून आले होते. तिला तसं बघताना पाहून ऋत्विकचा सूर बदलला.

"जाऊ द्या. फॅमिली मॅटर आहे. झटापटीत बांगडी फुटली, मला लागली. चल गं, घरी चल."

सावनीही कानाशी लागली. "हो म्हण, रंजिता. चुकून लागलं म्हण. खलास. नाहीतर तुझ्यावर केस होईल, व्हिसा त्याच्या नावावर, स्पृहाला घेऊन जाईल तो."

तेवढ्यात आतिकानं मला खाली वाकून पाहिलं. "ये चूडी नहीं है. ये तो रोमन काच है. वो कबर का."

रंजिता पांढरी पडली. देवीच्या दिवसांत आपण मेलेल्या बाईच्या थडग्यातली वस्तू घटाशेजारी ठेवली! हात जोडून ती माझ्याकडेच बघत राहिली. मला वाटलं, आता ही मोडणार, हो म्हणणार, आणि अंधार पडायच्या आत त्या फरशीवर परत जाणार.

ती मसूदाकडे वळली आणि मराठीतच बोलली. सावनी हिंदीत सांगत गेली, आतिका अरबीत.

"व्रतात खोटं बोलत नाही मी. चुकून लागलं नाही. मी मुद्दाम मारलं, कारण त्यांनी माझा गळा दाबला होता. आणि हे आजचंच नाही. लिहून घ्या, मी सगळं सांगते. लग्नाच्या दुसऱ्या महिन्यापासून सांगते."

सावनी सांगता सांगता रडू लागली. "मला ऐकू यायचं गं," ती म्हणाली. "वरून आवाज यायचे. मी टीव्ही मोठा करायचे."

ऋत्विक उठू लागला. मसूदानं नुसता हात वर केला, आणि तो खाली बसला.

आता मी चौकीतल्या कपाटात, लाखेनं बंद केलेल्या पाकिटात आहे. रंजिता आणि स्पृहा सावनीकडे राहतात. खटला उभा राहिलाय, तारीख अजून यायची आहे, निकाल कुणाच्या बाजूनं लागेल हे मलाही ठाऊक नाही. पण आधी त्याच्याकडे असलेलं तिचं आणि मुलीचं ओळखपत्र आता तिच्या स्वतःच्या पर्समध्ये आहे, आणि रोज सकाळी ती देवीसमोर बसते तेव्हा, सावनी चौकीत येऊन सांगते, आता मागणं मोठ्यानं मागते.

परवा वस्तुसंग्रहालयातली माणसं आली होती. मला नेऊन स्वच्छ करून माझ्या बाकीच्या तुकड्यांना जोडायचं म्हणत होती. माझ्या कडेवर दोन माणसांचं रक्त वाळलेलं आहे, तिच्या टाचेचं आणि त्याच्या हाताचं. मसूदा नाही म्हणाली.

मला घाई नाही. जोडा मला, काचेच्या पेटीत ठेवा, माझ्यासमोर लोकांना उभं करून रोमनांच्या गोष्टी सांगा. फक्त एक विनंती आहे. त्या बाईचं बोलणं पुरतं ऐकून होईपर्यंत मला धुऊ नका.