पुस्तकं बदला

"बाई, पुस्तकं बदला!" हैदराबादच्या सुलतान बाजारच्या गल्लीत वाचनालयाच्या शिपायाची, यादगिरीची हाक घुमली, की शेजारची खालाजान खिदळायची, "किसका बदला, त्रिवेणी?" त्रिवेणीबाई मात्र पिठाच्या हातांनीच दाराशी धावायच्या.

यादगिरी थकला, तशी घरपोच पुस्तकं थांबली. १९९० नंतर वाचनालयात कॉम्प्युटर क्लास सुरू झाला आणि मराठी कपाटांना कुलूप लागलं. किल्ली कार्यवाहाकडे, म्हणजे त्रिवेणीबाईंच्याच पोटच्या शिवराजकडे. लेकाचा चारचौघांतला मान राखायचा, म्हणून त्यांनी किल्ली कधी मागितली नाही.

आज जेवताना तो म्हणाला, "आई, ती सगळी पुस्तकं रद्दीत देतोय. हैदराबादेत मराठी वाचतंय कोण?"

त्रिवेणीबाईंनी वाढायचा डाव खाली ठेवला.

"मी वाचते, शिवराज. तुझ्याच घरात राहते, म्हणून दिसले नाही तुला."