माफीचा कागद

विजयसिंह पुढारी नेकनूरहून गाडी करून साखराबाईच्या मेंढ्यांपाशी आला, तेव्हाच तिनं ताडलं. हा माणूस कामाशिवाय कुणाच्या दारात पाणीसुद्धा प्यायचा नाही.

"राज्यपालांना माफीचा अधिकार हाय," त्यानं टाईप केलेला कागद पुढं केला. "अंगठा दे, वरचं मी बघतो. दिवाळीला आसाराम घरी."

आसाराम तिचा नवरा. गायरानावरच्या मारामारीत एक माणूस मेला आणि त्या खुनापायी आसाराम चार वर्षं तुरुंगात होता. काठी मात्र विजयसिंहाच्या पुतण्याची, जीवनची. अख्खं गाव हे जाणून होतं आणि मूग गिळून बसलं होतं.

लेक धनश्री बीडला कॉलेजात जायची. तिनं कागद वाचला. "आई, यात लिवलंय बापूनं खून केला, त्याला पस्तावा झालाय. आन हायकोर्टातलं अपील मागं घेतो म्हणून."

"राज्यपाल काय हितं बघायला येतेत का?" विजयसिंह हसला. "मंत्रिमंडळ सांगंल तशी सही करतेत. आन मंत्री आपलेच हायत."

साखराबाईचा जीव तुटला. तिला नवरा घरी हवा होता, दुसरं काही नको होतं. पण दर भेटीत जाळीमागून आसाराम एवढंच म्हणायचा, "मी न्हाई मारलं." त्या शब्दांवरच तो तग धरून होता. अंगठा उठला की तेही गेले.

तिनं कमरेची पिशवी सोडली आणि बिरोबाचा भंडारा कागदावर ओतला. ती हळद हातात घेऊन खोटं बोलायची छाती धनगरवाड्यात कुणाची नव्हती. विजयसिंहही दर जत्रेला बिरोबापुढं लोळण घ्यायचा, मतांसाठी का होईना.

"मालक, भंडारा उचला आन म्हणा, आसारामनं मारलं. मग अंगठाच काय, अख्खा हात देते."

ड्रायव्हर सटवा टक लावून बघत होता. विजयसिंहाचा हात निघाला, हळदीवर थांबला आणि गुमान खिशात गेला.

"येडी हायस तू! अशी आयती माफी कुणाला मिळती का?"

"माफी गुन्हेगारानं मागावी. कागद झ्याक हाय, मालक. नाव तेवढं बदला. जीवनचं घाला."

गाडी धुरळा उडवत मांजरसुंब्याच्या रस्त्याला लागली. ही दिवाळीही आसारामवाचून जाणार होती. साखराबाई पोटभर रडली. मग पदरानं तोंड पुसून सांडलेला भंडारा चिमटीचिमटीनं पिशवीत भरला.

"धने, अपिलाची तारीख कवा हाय?" तिनं विचारलं. "ह्यो संगं घेऊन जाऊ."